अकरा वर्षांचा खडा

"डावी किडनी नाहीये यांची," डॉक्टर म्हणाल्या. त्या आमच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर आईच्या पोटाची करडी चकती होती. माउस फिरवला की ती जाऊन दुसरी येत होती.

"थे काढली नं," आई म्हणाली. "खडा होता त्याच्यात. अकरा वर्सं झाली. लिंबाएवढा होता म्हनत."

लिंबाएवढा हे आईचं स्वतःचं. खड्याचं माप तिला कोणीच कधी सांगितलं नव्हतं, कारण खडा नव्हताच.

"जुने रिपोर्ट आहेत?"

"सारे आहेत. माह्या पोरीजवळ असते फाइल. इंग्लिश शाळेतली हाय थे, तिले सारं समजते."

डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला अनोळखी माणसांसमोर बोलायला वेळ लागतो. वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत आणते, आणि तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. त्या दिवशी मात्र वाक्य लगेच आलं.

"फाइलला वाळवी लागली होती," मी म्हणाले. "जुने कागद गेले."

"अव माय!" आई माझ्याकडे वळली. "मले सांगतलं नाही तू!"

"ऑपरेशन कुठे झालं होतं? त्यांच्याकडे असतील."

"थो दवाखाना बंद झाला," आई म्हणाली. "थे डॉक्टर वारले. आता तिथं लग्नाचा हॉल झाला. आम्ही जेवून बी आलो."

डॉक्टर हसल्या. मी हसले नाही. माझ्या मांडीवरच्या पिशवीत फाइल होती. निळी, प्लास्टिकची, धडधाकट. तिला कधीच वाळवी लागली नव्हती.

डॉक्टर आईला समजावून सांगू लागल्या. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडच्या टोकाला होती, दोन सेंटिमीटरहून थोडी लहान. अॅसिडिटीसाठी सोनोग्राफी केली, तिच्यात काहीतरी दिसलं आणि मग सीटी झाली, म्हणून ती सापडली.

"स्वादुपिंड," आई म्हणाली. "नाव तर चांगलं हाय. मसाल्याचाच अवयव म्हना की."

आई घरी तिखट आणि काळा मसाला करून विकते. भिवापूरची आहे. लग्नाआधी मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे जिथं बायका रांगेनं बसून मिरचीचे देठ खुडतात तिथं, तिनं कामही केलं आहे. कोणत्याही नव्या शब्दाला ती आधी मिरचीच्या बाजूनं जाऊन बघते.

"रक्तपुरवठा जास्त असलेली अशी लहान गाठ बहुतेक वेळा स्वादुपिंडाचीच असते, हळू वाढणारी," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला तिचा त्रास नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करू. वाढली तर काढू, नाहीतर तशीच राहू देऊ. आधी कधी कॅन्सर झालेला असता, तर मी असं म्हटलं नसतं."

शेवटचं वाक्य त्या सहज म्हणाल्या, माउस बाजूला सरकवता सरकवता.

"माह्या मोठ्या बहिनीले होता," आई म्हणाली. "मले नाही. देवाची कृपा."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले.

*

मावशीमुळेच ते सगळं झालं होतं. मावशीला कॅन्सर निघाला तेव्हा दवाखान्यातल्या कोणीतरी ते तिच्या तोंडावर सांगितलं, आणि ती तीन महिन्यांत गेली. ती रोगानं गेली असेलही, पण आमच्या घरात सगळे म्हणायचे की नाव ऐकून गेली. तेव्हापासून आमच्याकडे एक नियम होता. जो खाटेवर आहे त्याला नाव सांगायचं नाही. बाकी सगळ्यांना सांगायचं.

अकरा वर्षांपूर्वी आईची किडनी काढली तेव्हा मी नववीत होते. आठ दिवसांनी तपासणीचा रिपोर्ट आला, दोन पानी. बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, पलंगावर बसले होते. त्यांनी तो आधीच डॉक्टरांकडून समजून घेतला होता.

"आई तुलेच वाचायले सांगन," मोठे बाबा म्हणाले. "खडा म्हनजो. बाकी काही नाही. तुह्या मायले जगवायचं हाय नं?"

आणि आईनं खरंच मलाच बोलावलं. बाबांना इंग्रजी वाचता येत होतं, पण तिचा भरवसा माझ्यावर. तिनं माझ्या शाळेसाठी किती मसाला कुटला होता. मी टेबलाजवळ उभी राहिले आणि वाचलं. कागदावर रीनल सेल कार्सिनोमा लिहिलं होतं. मी म्हणाले, खडा होता, काढला, आता काळजी नाही. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, एवढंच तर होतं.

एवढंच नव्हतं. त्या डॉक्टरांनी दर वर्षी स्कॅन करायला सांगितलं होतं. पहिली दोन वर्षं आई बाबांच्या आग्रहानं गेली. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, खडा तर गेला, आता काय रिकाम्या जागेचे फोटो काढता? बाबांनी पुष्कळ समजावलं, पण खरं कारण सोडून बाकी सगळी कारणं दिली, आणि ती सगळी कच्ची होती. आई गेली नाही. चौथ्या वर्षी कोणी विचारलंही नाही. मी कॉलेजात गेले, मग सदरमधल्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायला लागले. आई ठणठणीत होती. खडा म्हणता म्हणता आम्हालाही तो खडाच वाटायला लागला.

*

सहा महिने थांबायचं म्हटल्यावर आई खूश होती. तिनं त्या संध्याकाळी पाटोड्यांची भाजी केली, आणि शेजारच्या काकूंना बोलावून डॉक्टरीणबाईंचं वर्णन केलं. "एवढीशी बाई हाय. माह्या मुसळाएवढी. अन् लोकायची पोटं फाडते म्हने!"

मी बाबांना गच्चीवर गाठलं. तिथं मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि बाबा त्यांच्यातून वाट काढत पाण्याची टाकी बघायला चालले होते.

"आपण फाइल दाखवायला पाहिजे," मी म्हणाले.

"डॉक्टर म्हणाल्या ना, थांबा."

"त्यांना माहीत नाही म्हणून म्हणाल्या."

बाबा टाकीचं झाकण उघडून आत बघत राहिले. टाकी भरलेली होती, ते मला दिसत होतं.

"तुझी मावशी पंचेचाळीस किलोची होती," ते म्हणाले. "नाव ऐकल्यावर महिन्याभरात तीस झाली. मी पाहिलंय. तू पाहिलं नाहीस."

"आई मावशी नाहीये."

"सहा महिने," बाबा म्हणाले. "सहा महिने तर सुखात जाऊ दे तिला."

त्यांचा राग आला असता तर सोपं झालं असतं. त्यांनी झाकण लावलं आणि लगेच पुन्हा उघडलं.

चार दिवस मी ऑफिसात नकाशे काढले आणि मधूनमधून इंटरनेटवर वाचलं. किडनीचा कॅन्सर पुष्कळ वर्षांनी स्वादुपिंडात येऊ शकतो, दहा वर्षांनी, त्याहून उशिराही, असं तिथं लिहिलं होतं. तो तिथं एकटाच असला आणि काढता आला तर माणूस पुढे चांगला जगू शकतो, असंही होतं. पण तो एकटाच आहे का, हे आधी शोधायला हवं. आमच्याकडे तर कोणी शोधतच नव्हतं. आम्ही पाटोड्या खात होतो.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेले. माझा नंबर यायला दीड तास लागला. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पेशंट कुठे आहेत?" मी काय बोलायचं ते बाहेर बाकावर पाठ केलं होतं, ते बाजूलाच राहिलं. मी फाइल त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मग उलटून पुन्हा पहिलं.

"वाळवी कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"आईला माहीत नाही," मी म्हणाले. "खडा होता असंच माहीत आहे."

"शेवटचा स्कॅन?"

"नऊ वर्षांपूर्वी."

"का?"

"आई म्हणाली, खडा गेला तर स्कॅन कशाला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं त्या ओरडतील. ओरडल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर एक लांबट आकार काढला, आडव्या मिरचीसारखा, आणि त्याच्या टोकाजवळ पेनानं रेघ मारली.

"ही गाठ किडनीचीच असण्याची शक्यता आता जास्त आहे. तसं असलं तर सहा महिने थांबायचं नाही. आधी सुईनं तुकडा घेऊन नक्की करायचं. छाती, मेंदू, हाडं, उरलेली किडनी, सगळं तपासायचं. कुठेच नसेल तर इथून शेपटी काढायची. प्लीहा तिला चिकटून असते, तीही जाईल. इतर ठिकाणीही असेल तर ऑपरेशनचा उपयोग नाही, मग औषधं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि एक. आईला सांगितल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही."

"तुम्ही सांगाल?"

"मी आजार सांगेन. अकरा वर्षांचं तुम्ही सांगा. सोमवारी स्कॅनला आणा त्यांना. सांगून आणा."

*

शुक्रवार, शनिवार, रविवार. आई समोर असली की मला बोलता येत नव्हतं. ती मिरच्यांचे देठ खुडत बसायची, मी जाऊन शेजारी बसायचे, आणि तीच बोलायची. "काहून वं, ऑफिसात काही झालं काय? तोंड पाह्य कसं झालं." मी नाही म्हणायचे. रविवारी रात्री मी बाबांना एवढंच सांगितलं की फाइल दिली आहे. ते आत जाऊन झोपले.

सोमवारी मी आईला म्हणाले, अजून एक तपासणी आहे. ती माझ्या गाडीवर मागे बसली. दोघींच्या तोंडाला दुपट्टे गुंडाळलेले. लकडगंजच्या लाकूड कापणाऱ्या आरामशिनींचा आवाज मागे पडला आणि आम्ही सदरच्या रस्त्याला लागलो. गाडी चालवताना माझा चेहरा कोणाला दिसत नाही आणि मलाही कोणाचा दिसत नाही. एका सिग्नलला गाडी उभी राहिली, आकडे नव्वदपासून उलटे सुरू झाले, आणि मी रस्त्याकडे बघत म्हणाले, "आई, तेव्हा खडा नव्हता. कॅन्सर होता. आता पोटात आहे ती गाठ त्याचीच असेल."

तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो तसाच राहिला. सिग्नल सुटला. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "गाडी थांबव."

रस्त्याच्या कडेला रसवंती होती. आई उतरली, दुपट्टा सोडला आणि तिथल्या बाकावर जाऊन बसली. मी गाडी स्टँडला लावली आणि उभीच राहिले.

"किती वर्सं?"

"अकरा."

"तुह्या बापाले माहीत?"

"हो."

"अन् कोनाले?"

"मोठे बाबा. मोठी आई." मी थांबले. "शेजारच्या काकूंना पण."

"म्हनजे गल्लीले माहीत. मलेच नाही."

रसवाला चरकापाशी उसाचं कांडं धरून विचारत होता, "काकू, बर्फ टाकू का?"

"नको," आई त्याला म्हणाली. "कॅन्सर हाय माह्या पोटात."

त्या माणसानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग चरक सुरू केला. हे वाक्य आईनं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं ते त्याच्यासमोर.

"तू वाचून दाखवलं होतं मले," ती म्हणाली. "टेबलापाशी. तुह्या हातात कागद होता."

"हो."

"अन् मी जवा म्हनलं, मी नाही जात फोटो काढाले, तवा तू कुठं होती?"

"दारात."

"आयकून राहिली होती?"

"हो."

"तवा काहून नाही बोलली?"

मला सांगता आलं असतं की मी सोळा वर्षांची होते, की मोठ्यांनी ठरवलं होतं, की मावशी. हे सगळं खरं होतं. पण मी सतरा, अठरा, वीस आणि चोवीस वर्षांचीही झाले होते, आणि त्या प्रत्येक वर्षी मला बोलता आलं असतं.

"मी गेली असती वं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "दर वर्सी गेली असती. तुमाले वाटलं मी नावानं मरन. मी काय तुही मावशी हाय? थे घाबरट होती. तिले बेंडकाचं बी भेव वाटे." तिनं रस अर्धा पिऊन ग्लास ठेवून दिला. "चाल. कुठं हाय थे मशीन?"

*

त्यानंतर ती आमच्याशी बोलेना. म्हणजे बोलायची, पण भिंतीशी. "कोनाले चहा पाहिजे असन तर गॅसवर हाय." बाबा दोनदा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "तुमच्या मनात चांगलंच होतं, थे मले माहीत हाय. त्याच्यानंच जास्त राग येऊन राहिला." बाबा बाहेर ओसरीत जाऊन बसले.

स्कॅनचा निकाल यायला दोन दिवस होते. ते दोन दिवस मी शरीराच्या एकेका भागाबद्दल विचार केला. आई पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवायची, तर मला हाडं आठवायची. ती खोकली की फुफ्फुसं. तिखट कुटणाऱ्या घरात माणूस दिवसातून वीस वेळा खोकतो.

निकाल आला. फुफ्फुसं मोकळी होती, मेंदूत काही नव्हतं, हाडांत नव्हतं, उरलेली किडनी नीट चालत होती. दुर्बिणीतून सुई घालून गाठीचा तुकडा घेतला, तो किडनीचाच निघाला. गाठ स्वादुपिंडात होती, आणि फक्त तिथंच.

डॉक्टरांनी आईला समोरच्या खुर्चीत बसवलं, आम्हाला मागे.

"नाही काढली तर?" आईनं विचारलं.

"गोळ्या आहेत. त्या रोखतात, पण बहुतेक वेळा संपवत नाहीत. काढता येण्यासारखी आहे तोवर काढावी, असं माझं मत."

"अन् काढल्यावर परत येईन का?"

"येऊ शकते. म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत."

"माहीत असतं तर मी सोडल्या नसत्या," आई म्हणाली. मागे वळून बघितलं नाही.

प्लीहा जाणार म्हणून आधी लसी घ्यायच्या होत्या. त्यानंतर दोन आठवडे थांबायचं होतं. त्या दोन आठवड्यांत आईनं वर्षभराचं तिखट करून ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संमतीचा कागद आला. मी सवयीनं हात पुढे केला.

"तू नको," आई म्हणाली. "सिस्टर वाचन."

सिस्टरनं तो तिला मराठीत समजावून सांगितला, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर वाढणं, कापलेल्या टोकातून रस गळणं, आणि जीव जाण्याची शक्यता, सगळं. आईनं पूर्ण ऐकलं आणि सही केली. सावकाश, पूर्ण नाव.

*

सकाळी आठला तिला आत नेलं. बाहेरच्या हॉलमध्ये बाबा आणि मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. कोणाचंही नाव पुकारलं की दोघंही उठायचो. अकरा वाजले, बारा वाजले. बाबा एकदाच बोलले. "त्या दिवशी आत बोलावलं तुला," ते म्हणाले. "तू पोर होतीस. मी नको होतं करायला तसं." मी म्हणाले, "चहा आणू?"

एकच्या सुमाराला आतून हाक आली. "नातेवाईक या, काढलेलं दाखवायचंय." बाबांनी मान हलवली, म्हणून मी गेले. दाराच्या आत डॉक्टर हिरव्या कपड्यांत उभ्या होत्या आणि स्टीलच्या ट्रेमध्ये काहीतरी होतं, जांभळट प्लीहा आणि तिला लागून फिकट मांसाचा एक तुकडा. डॉक्टरांनी गाठीवर छेद घेऊन ठेवला होता. आत ती पिवळी होती, मोहरी वाटल्यावर दिसते तशी. बोराएवढी. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही घरात अकरा वर्षं हळू आवाजात बोललो होतो.

"यकृत हातानं तपासलं, स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "आता पुढचे आठ-दहा दिवस महत्त्वाचे. हे टोक गळायला नको."

टोक गळलं. पाचव्या दिवशी आईला ताप आला. पोटाला लावलेल्या नळीतलं पाणी गढूळ झालं होतं. ते तपासायला नेलं, आणि दुपारी सिस्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं की स्वादुपिंडाचा रस गळतो आहे, एक इंजेक्शन वाढवलंय, डॉक्टर संध्याकाळी बघतील, वाटलं तर अजून एक नळी टाकावी लागेल. नाहीतर आपोआप बंद होईल. आत्ता सांगता येत नाही.

मी आत गेले. आईचे ओठ सुकले होते. ती डोळे मिटून पडली होती आणि माझी चाहूल लागताच म्हणाली, "काय म्हनली?"

काही नाही, हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. काही नाही, थोडा ताप आहे, तू झोप. मला त्यांची चव आली. त्या वेळी मला मोठे बाबा समजले, बाबा समजले. माणूस असा पडलेला असताना खोटं बोलणं किती सोपं असतं, आणि ते मायेसारखंच वाटतं.

"गळतंय," मी म्हणाले. "जिथं कापलं तिथून रस गळतोय. म्हणून ताप आहे. इंजेक्शन वाढवलंय. कदाचित अजून एक नळी टाकतील. कदाचित आपोआप थांबेल. अजून माहीत नाही."

आईनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग मान वळवून दारातून जाणाऱ्या सिस्टरला हाक मारली.

"ओ सिस्टर. हे म्हनते का गळून राहिलं. खरं हाय काय?"

"हो, आजी."

"आजी कोनाले म्हनता वं?" आई म्हणाली, आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं तिनं हात पुढे केला. मला वाटलं माझ्यासाठी. तिला पाणी हवं होतं. मी चमच्यानं दिलं.

दुसरी नळी टाकावी लागली नाही. पण गळणं थांबायला अठरा दिवस लागले, आणि त्या अठरा दिवसांत मी तिला रोज सांगत होते, आज इतकं आलं, काल तितकं होतं. आणि ती रोज सिस्टरला विचारायची. रिपोर्ट आला तेव्हा मी वाचून सांगितलं की गाठ पूर्ण निघाली, कडा साफ आहेत. तिनं तो राउंडला आलेल्या डॉक्टरांकडून पुन्हा वाचून घेतला.

मोठे बाबा भेटायला आले. फळांची पिशवी घेऊन पायाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आता बरं हाय नं? लहानशी गाठ होती म्हने, साधी."

"कॅन्सर होता, भाऊजी," आई म्हणाली. "अकरा वर्सांचा. तुमाले तर पहिलेपासून माहीत. बसा नं, उभे काहून?"

ते बसले. सीताफळ कुठून आणलं ते सांगत राहिले.

तीन महिन्यांनी पहिला स्कॅन झाला. आई आता साखरेची गोळी घेते, वजन सात किलो कमी झालंय, आणि मसाला कुटायला तिनं मशीन आणलं आहे, त्याला ती नावं ठेवते. स्कॅनचा कागद मला खिडकीवर मिळाला. मी तो कॉरिडॉरमध्ये उभ्यानं वाचला, दोनदा, आणि आई बाकावर बसली होती तिथं गेले.

"कुठेच काही नाही," मी म्हणाले. "सगळं साफ आहे."

"हं," आई म्हणाली, आणि नंबर पुकारायची वाट बघत राहिली.

आत गेल्यावर तिनं कागद माझ्या हातातून घेऊन डॉक्टरांसमोर ठेवला. "हे म्हनते साफ हाय. तुमी वाचा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी कागद पहिल्या ओळीपासून मराठीत सांगितला, यकृत, फुफ्फुसं, उरलेलं स्वादुपिंड, उजवी किडनी. आई प्रत्येक अवयवाला मान हलवत होती. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "सगळं साफ आहे. पुढचा तीन महिन्यांनी."

"हेच म्हनलं होतं तिनं," आई त्यांना म्हणाली.

मग ती उठली, पोटावरच्या टाक्यांच्या खुणेवर एक हात ठेवून, आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहून घ्यायला स्वतः काउंटरवर गेली.